जैनथचे ऋतुमान : आभाळ, नक्षत्रे आणि कापूस

प्रथम एका दूरच्या गावाची गोष्ट सांगतो. आयर्लंडच्या दक्षिण टोकाला कॉर्क नावाची एक काउंटी आहे. तिथे वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या आदिलाबादकडची वार्षिक सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास आहे. नुसता आकडा पाहिला तर जैनथ आणि कॉर्क एकाच माळेतले मणी वाटतील. पण कॉर्कचा पाऊस वर्षाच्या दीडशेएक दिवसांत, बाराही महिने, थोडाथोडा झिमझिमतो. आपला पाऊस पन्नास-साठ दिवसांत उरकतो, आणि त्यातला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. तिथे जानेवारी आणि जुलै यांच्या सरासरी तापमानात जेमतेम दहा अंशांचा फरक. आपल्याकडे हिवाळ्यात एवढा फरक पहाट आणि दुपार यांच्यातच पडतो, आणि कधी कधी पंधरा अंशांवर जातो. कॉर्कला समुद्र उशाशी आहे. जैनथपासून पूर्वेचा समुद्र चारशे किलोमीटरहून लांब आणि पश्चिमेचा त्याहूनही दूर. पाणी उशिरा तापते, उशिरा निवते. जमीन लवकर तापते, लवकर निवते. आपल्या हवेचा कडकपणा निम्म्याहून अधिक या एका गोष्टीत आहे.

म्हणून आपल्या ऋतुमानाचे वर्णन करताना "इतके मिलिमीटर पाऊस" या वाक्यावर थांबता येत नाही. तो कधी पडला, किती तासांत पडला, मध्ये किती दिवस उघाड मिळाली, हे विचारावे लागते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. त्या हिशेबाने वर्षाकाठी प्रत्येक एकराच्या वाट्याला चव्वेचाळीस लाख लिटर येते. तरीही मार्चमध्ये विहिरी तळाला जातात.

उन्हाळा आणि हिवाळा यांची हकीकत आपण सारेच जाणतो, ती थोडक्यात सांगतो. मार्चपासून वारा वायव्येकडून, राजस्थान-माळव्याच्या कोरड्या पट्ट्यावरून येऊ लागतो. मेमध्ये दुपारचे सरासरी तापमान ४२ अंशांच्या घरात असते आणि बऱ्याच वर्षी ते ४५ च्या पुढे जाते. काळी माती भेगाळते. या भेगांना नावे ठेवू नयेत. पहिल्या पावसाचे पाणी त्यांतूनच खोलवर उतरते, आणि वरची ढेकळे फुटून त्यांत पडत राहिल्याने जमीन आपली आपणच थोडीफार नांगरली जाते. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, वारा उत्तरेचा आणि हवा कोरडी. दिवसभर साठलेली ऊब रात्री अडवायला ढग नसतात, म्हणून ती सरळ आकाशात निघून जाते. काही वर्षी आदिलाबाद जिल्ह्यात पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तो यामुळे. हैदराबादच्या लोकांना या बातमीचे नवल वाटते. आपल्याला वाटू नये, कारण हवेच्या दृष्टीने आपण हैदराबादपेक्षा यवतमाळ-नागपूरचे जवळचे नातलग आहोत.

हे नातेही केवळ हवेचे नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट तिकडे गेले, जैनथ-बेला इकडे राहिले. मध्ये पैनगंगा. सरकारी कागदांत आता आपला खरीप "वानाकालम" आणि रब्बी "यासंगी" झाला आहे. दोन्ही शब्द सुरेख आहेत आणि आपल्या घरांतल्या मुलांना ते यायलाच हवेत. पण ढगांना ही नदी कळत नाही, आणि काळी मातीही दोन्ही तीरांना एकच आहे.

आता मुख्य विषय, म्हणजे पाऊस. तो येतो कुठून? शाळेत आपण शिकलो की नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात. ते खरे आहे, पण आपल्यापुरते अर्धेच. अरबी समुद्राची शाखा सह्याद्रीवर चढताना आपले बहुतेक पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर रिकामे करते. पुढे नगर, बीड, सोलापूरकडे ती जवळजवळ रित्या हाताने जाते. तो प्रदेश पर्जन्यछायेचा. आपण त्या छायेच्या पूर्वेकडे, दुसऱ्या समुद्राच्या आवाक्यात बसलो आहोत. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. ती ओडिशाच्या किनाऱ्यावर चढून छत्तीसगड आणि विदर्भाच्या अंगाने वायव्येकडे सरकतात. अशा क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, आणि सर्वांत जोराचा पाऊस त्याच्या नैऋत्य बाजूला पडतो. क्षेत्र छत्तीसगड-पूर्व विदर्भावर असताना त्याची नैऋत्य बाजू कुठे येते, ते नकाशावर बोट ठेवून पाहा. बहुधा आदिलाबादवरच येते. तेलंगणात आपला भाग अधिक पावसाचा म्हणून ओळखला जातो, त्याचे मोठे कारण हे. दक्षिणेकडचे डोंगर आणि जंगल त्यात भर घालतात, पण मूळ देणे उपसागराचे आहे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ओडिशाच्या किनाऱ्यावर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी जुलैत ऐकली, की दोन ते तीन दिवसांत आपल्याकडे झड लागण्याचा संभव धरावा. उलट, कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकल्याचे ऐकले, तर पावसाचा खंड पडणार असे समजावे. तेव्हा बिहार-आसामात पूर येतात आणि आपल्याकडे पऱ्हाटी माना टाकते.

पण आपल्या आजोबांकडे हा नकाशा नव्हता. त्यांच्याकडे नक्षत्रे होती. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो, म्हणजे एकेका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस. ७-८ जूनला मृग लागतो, २१-२२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, सप्टेंबरअखेर हस्ताचा म्हणजे हत्तीचा, आणि २३-२४ ऑक्टोबरला स्वाती. आपले तेलुगू शेजारी यालाच "कार्ते" म्हणतात. त्यांची मृगशिर कार्ते आणि आपला मिरग एकाच दिवशी निघतो. पंचांग वेगळे, भाषा वेगळी, पण बांधावरची बोलणी तीच.

नक्षत्रांवर आजच्या शिकलेल्या माणसाने हसावे का? मला वाटते, हसू नये. तसेच डोळे मिटून विसंबूही नये. नक्षत्र हे पावसाचे कारण नव्हे, ती तारीख सांगण्याची रीत आहे. छापील दिनदर्शिका घरोघरी नव्हत्या तेव्हा सौर वर्ष मोजण्याचे हे उत्तम साधन होते. चांद्र महिने तीस दिवसांपर्यंत पुढेमागे होतात, अधिक मास आला की ज्येष्ठाचा पत्ता लागत नाही. मृग मात्र दरसाल त्याच सुमारास येतो.

फक्त एक बारीक घसरण त्यातही आहे. नक्षत्रे ताऱ्यांना बांधलेली आहेत, ऋतू सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाला. या दोन वर्षांत किंचित फरक आहे आणि तो दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस असा साठत जातो. माणसाच्या एका आयुष्यात हे जाणवत नाही. पण आपल्या गावाचे आयुष्य मोठे आहे. जैनथच्या देवळातला परमार राजा जगद्देवाच्या काळचा संस्कृत शिलालेख आठवा. लोलार्क नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देऊळ बांधल्याची त्यात नोंद आहे. हा काळ अकराव्या शतकाची अखेर किंवा बाराव्याचा आरंभ. तेव्हापासून आजपर्यंत सुमारे नऊशे वर्षे झाली. बहात्तराने भागा, साडेबारा दिवस येतात. म्हणजे पद्मावतीच्या काळी मृग आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने २६ मेच्या सुमारास लागत असे. आज मृगावर होणारी पेरणी त्या दिवसांत व्हायची असती, तर ती आर्द्रा जवळ आल्यावर करावी लागली असती. लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी कधी त्या लेखाकडेही पाहावे. सूर्याच्या देवळाचा लेख असलेल्या गावात सूर्याच्या नक्षत्रांची चर्चा व्हावी हे मला उचितच वाटते.

नक्षत्राच्या वाहनाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. यंदा मृगाचे वाहन बेडूक की गाढव, यावर चावडीवर पैजा लागतात. ते वाहन कसे ठरते? सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथपासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे, आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकी एक काढायचे. हे गणित जैनथला जे उत्तर देते तेच जैसलमेरलाही देते. तेव्हा करमणूक म्हणून ठीक. त्यावर सरकी मातीत घालू नये.

पेरणीची वेळ हा आपल्या सगळ्या ऋतुमानातला सर्वांत महाग निर्णय आहे. पाऊस आपल्याकडे साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो, पण पोचणे आणि स्थिरावणे यांत फार अंतर आहे. पहिल्या सरी बहुधा वळवाच्या असतात. तापलेली जमीन, खालून ओलसर हवा, दुपारनंतर उभा राहिलेला ढग, अर्ध्या तासात धो धो पाऊस, आणि मग आठ दिवस कडक ऊन. अशा सरीने वरची दोन बोटे माती भिजते, खाली फुफाटा तसाच. सरकी उगवते आणि कोंब वाळतो. म्हणून काळ्या जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय टोबणी करू नये, असे कृषी विद्यापीठे सांगतात. ज्यांच्याकडे विहीर किंवा सातनाल्याचे पाणी आहे, त्यांची धूळपेरणी एक वेळ खपून जाते. कोरडवाहू माणसाला ती जुगारासारखी आहे. २०२५ च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या बीटी सरकीच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरलेली होती. एकरी दोन पाकिटे धरली, तर दुबार पेरणीत नुसत्या बियाण्याचेच अठराशे रुपये गेले. मजुरी वेगळी. आणि हंगामाचे गेलेले पंधरा दिवस कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.

घरात पर्जन्यमापक नसेल तर? सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा अंगणात उघड्यावर, झाडापासून दूर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा. हवामान खातेही त्याच वेळी मोजते. डबा नळकांड्यासारखा सरळ असेल तर त्याच्या तोंडाची रुंदी कितीही असो, उंची तीच येते. ओल किती खोल गेली, हे कुदळीने पाहावे. वीतभर खाली मातीचा लाडू वळला तरच तिफणीला हात लावावा. शेजाऱ्याने सुरू केले म्हणून आपण सुरू करणे, हे आपल्या गावांतले जुने दुखणे आहे.

पेरणी साधली की पुढचा प्रश्न उलटा होतो. आता पाऊस थांबायला हवा. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, आणि मग वरचे पाणी खाली जाण्याचा वेग फार मंदावतो. झड पाच-सहा दिवस चालली की मुळांभोवतीची हवा संपते. झाड पाण्यात उभे असून सुकू लागते, पाते-फुले गळतात. दीर्घ उघाडीनंतर एकदम मोठा पाऊस झाला तर पऱ्हाटीची आकस्मिक मर दिसते. सकाळी टवटवीत असलेले झाड संध्याकाळी मान टाकते. तो रोग नव्हे, मुळांची घुसमट आहे. सरीतून पाणी काढून देणे आणि वापसा येताच डवरणी करणे, हे त्यावरचे पहिले काम. "वापसा" हा शब्द किती नेमका आहे पाहा. ना चिखल, ना कोरड. माती पायाला चिकटत नाही आणि फुटतेही. आपल्या खरिपाचे यश म्हणजे जुलै-ऑगस्टात वापशाचे किती दिवस मिळाले, ते.

पुराबद्दल दोन शब्द. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते आणि वाशिम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ करीत आपल्या शिवेवर येते. म्हणून जैनथवर आभाळ कोरडे असताना नदी फुगलेली असू शकते. वर इसापूर धरणातून पाणी सोडले की त्याचा परिणाम खाली येतो. त्यात आणखी एक भानगड. नदी भरून वाहत असली की आपले नाले तिच्यात रिते होऊ शकत नाहीत. त्यांचे पाणी मागे सरून काठच्या शेतांत पसरते. शेत नदीपासून लांब आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, नाला जवळ आहे का हे पाहावे. जुलै २०२३ मध्ये डोल्लाऱ्याजवळ पैनगंगेचे पाणी पुलाला लागले आणि नागपूर-हैदराबाद महामार्गाची वाहतूक थांबवावी लागली, हे अनेकांना आठवत असेल.

पूर निदान दिसतो तरी. वीज दिसली तोवर उशीर झालेला असतो. विजा जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अधिक पडतात, कारण त्या दोन वेळी जमिनीची उष्णता आणि हवेतली ओल एकत्र असतात. भर श्रावणात आभाळ झाकलेले आणि जमीन निवलेली असल्याने संततधार लागते, गडगडाट कमी. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत अंक मोजा. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम टाकून पक्क्या घरात जावे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. मोहाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली थांबणे हे उघड्यावर राहण्याइतकेच वाईट, किंबहुना अधिक.

हवामान खात्याची शेतीसाठीची सल्ला पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. तिच्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. आपल्या जिल्ह्याची इंग्रजी-तेलुगूत, पलीकडे यवतमाळची मराठीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना तेलुगू लिपी वाचता येत नसेल, तर यवतमाळची पत्रिका वाचून दाखवायला हरकत नाही. पाऊस मोजण्यात एक शब्द लक्षात ठेवा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर तो "जोरदार", ११५.६ च्या पुढे "अति जोरदार". पिवळ्या, नारिंगी रंगांचे इशारे यांवरूनच दिले जातात.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वारे परततात. इथे मला एका लाडक्या म्हणीशी भांडण काढायचे आहे. स्वातीचा पाऊस मोती पिकवतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ही म्हण रब्बी ज्वारीच्या मुलखातली आहे. तिथे पेरलेल्या ज्वारीला ऑक्टोबरअखेरची ती सर खरोखर मोत्यांची. आपल्याकडे त्याच दिवशी पऱ्हाटीवर बोंडे फुटून पांढरी झालेली असतात. तिथे पडलेली सर कापूस पिवळा पाडते, सरकीला झाडावरच कोंब आणते. हरभऱ्यावाला हसतो आणि कापूसवाला कपाळाला हात लावतो, आणि बहुतेक घरांत हे दोघेही एकच माणूस असतो. म्हणी जमीन बदलल्या की तपासून घ्याव्यात.

पाऊस गेला तरी ओल जात नाही. सीतादही करून वेचणीला सुरुवात होते ती बहुधा दिवाळीच्या आगेमागे, आणि कार्तिकातला जैनथचा उत्सव याच दिवसांत येतो. जमीन अजून ओली, आभाळ मोकळे, रात्री गार. पहाटे पानापानावर दव. कापसाचा धागा हवेतली ओल शोषून घेतो आणि ऊन लागले की परत सोडतो. हा त्याचा स्वभाव आहे, दोष नाही. पण बाजारात या स्वभावाला किंमत लागते. भारतीय कापूस निगम ८ टक्के ओलावा प्रमाण धरते. त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे भावातून एक टक्का कापला जातो, आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतलाच जात नाही. २०२४-२५ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. १२ टक्के ओल निघाली म्हणजे क्विंटलमागे तीनशे रुपये गेले. तेरा निघाली म्हणजे गाडी परत, नाहीतर खाजगी व्यापारी देईल तो भाव.

म्हणून नोव्हेंबरातले प्रत्येक घरचे शहाणपण घड्याळाशी बांधलेले असावे. दव उडाल्याशिवाय वेचा सुरू करू नये. बायकांना अंधारात शेतावर नेऊन दोन तास अधिक वेचून घेतले, तर वजन वाढल्यासारखे दिसते, पण ते पाण्याचे वजन असते आणि मोजणारे यंत्र ते ओळखते. सकाळचा आणि दुपारचा वेचा वेगळा ठेवावा. वेचलेला कापूस लगेच कोंबून न भरता दिवसभर उन्हात पातळ पसरावा, मध्ये एकदा उलथवावा, आणि सूर्य कलायच्या आत आत घ्यावा, कारण संध्याकाळी हवा गार होऊ लागली की तोच कापूस ओल परत ओढू लागतो. आदिलाबादच्या यार्डात रांग लांबली आणि गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहिली, तर वरचा थर पहाटेपर्यंत जड होतो. ताडपत्री पाऊस असेल तेव्हाच न्यायची, हा समज सोडावा. रात्री ती दवासाठी लागते. आणि सकाळी ती लगेच काढावी, नाहीतर आतली वाफ तिच्या पोटाशी थेंब होऊन पुन्हा कापसावरच पडते. जमल्यास आपल्या मालाचे माप दुपारी अकरानंतर व्हावे, असे पाहावे.